जत्रेतील वस्तू आणि कारागिराचे नाव

पुणे-सोलापूर रस्त्यावर शहराची दाट वस्ती मागे पडल्यावर लागणारे हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे आषाढी वारीच्या वाटेवरचे गाव असून, देहूहून निघालेल्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम येथेच पडतो. वारीकडे भक्तीचा सोहळा म्हणून पाहिले जाते ते योग्यच आहे. परंतु एकेका दिंडीबरोबर हातांनी घडवलेल्या किती वस्तू चालत असतात, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा, तिचा पोकळ भोपळा, पखवाजाच्या पुडीवर थर देऊन घोटलेली शाई, टाळाच्या दोन वाट्यांची जुळवलेली जाडी, पंढरपुरात काशीकापडी समाजाच्या घरांतून ओवल्या जाणाऱ्या तुळशीच्या माळा, पावसात डोक्यावरून घेतलेली घोंगडी, या प्रत्येकीमागे कोणाची तरी पिढ्यान्पिढ्यांची तालीम उभी आहे. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घराण्यांकडे जाणारे भोपळेसुद्धा पंढरपूर-मंगळवेढा भागातील भीमाकाठच्या शेतांतून पिकतात. वस्तू गावोगाव पोहोचल्या, त्यांची गुणवत्ताही नावाजली गेली; त्या घडवणाऱ्या माणसाचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. हस्तकलेच्या प्रदर्शनांचा आणि जत्रांचा विचार करताना हा नावाचा प्रश्न मध्यभागी ठेवला पाहिजे, कारण वस्तूची किंमत, तिची नक्कल आणि कारागिराच्या घरातील पुढच्या पिढीचा निर्णय हे तिन्ही प्रश्न अखेरीस त्याच्याशीच येऊन भिडतात.

जुन्या गावात हा प्रश्न उद्भवत नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे, त्या व्यवस्थेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार आदी बलुतेदार गावाची ठरलेली कामे करीत आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी शेतकऱ्याकडून धान्याचा ठरलेला वाटा घेत. या वाट्यालाच बलुते म्हणत. ज्यांची गरज रोजची नसे अशा कारागिरांना अलुतेदार म्हणत, आणि दोहोंच्या याद्या प्रदेशाप्रमाणे थोड्याफार बदलत. कुळव कोणी भरला आणि मडके कोणी घडवले हे सगळ्या गावाला ठाऊक असल्याने वस्तूवर नाव घालण्याचे कारणच नव्हते. ही ओळख आत्मीयतेची होती असे म्हणून या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. व्यवसाय जातीने ठरत होता, तो सोडण्याची मुभा जवळजवळ नव्हती, आणि ज्याच्या हातच्या चपलेवाचून कोणाचे चालत नव्हते त्यालाच उंबरठ्याबाहेर उभे राहावे लागत होते. कारागीर ओळखीचा होता, पण त्याची ओळख त्याच्या कसबावरून होण्याआधी त्याच्या जातीवरून होत होती.

गावगाडा मोडल्यावर वस्तू पेठेत आली आणि तिचा कर्ता व्यापाऱ्याच्या दुकानामागे गेला. संग्रहालयांतही त्याला जागा मिळाली नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे बोलके उदाहरण ठरते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी अशा हजारो नित्योपयोगी वस्तू जमवल्या आणि आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या नावे हा संग्रह समाजाला दिला. या एका माणसाच्या ध्यासामुळे महाराष्ट्राच्या कारागिरीचा केवढा ठेवा मोडीत जाण्यापासून वाचला, हे तेथील अडकित्त्यांचे कपाट पाहिले तरी कळते. तथापि त्या अडकित्त्यांना मोराचा वा घोड्याचा आकार देणारे लोहार आणि ओतारी कोण होते, हे केळकरांनाही कळण्याचा मार्ग नव्हता, कारण वस्तू हातोहात विकल्या जाताना ते नाव कोणी टिपून ठेवलेलेच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली कारागिराला ग्राहकासमोर आणण्याचे प्रयत्न देशभर सुरू झाले. हरियाणातील सूरजकुंड येथे १९८७ पासून भरणारा मेळा आणि दिल्लीत १९९४ मध्ये उभे राहिलेले दिल्ली हाट ही त्याच विचाराची पुढची रूपे होत. महाराष्ट्रात ग्रामीण बचत गटांची उत्पादने मुंबईकरांपुढे मांडणारे महालक्ष्मी सरस आणि बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात दरवर्षी भरणारी भीमथडी जत्रा ही दोन नावे सर्वपरिचित आहेत. लोणी काळभोरवरून वाहत जाणारी मुळा-मुठा पुढे ज्या भीमेला मिळते, तिच्या काठचा प्रदेश म्हणजे भीमथडी. या जत्रेत खाद्यपदार्थांच्या दालनांपुढे गर्दी अधिक असते, हे खरे. तरी ज्या बाईने घोंगडीचे सूत कातले किंवा ज्याने वारली चित्र काढले, ते माणूस समोर उभे असण्याचा योग शहरी ग्राहकाला एरवी सहसा येत नाही. अशा जत्रेतून काय पाहून घ्यावे, हे दोन कारागिऱ्यांच्या आधारे जरा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिली कारागिरी पुण्याची, कसबा पेठेतील तांबट आळीची. येथील तांबट स्वतःला त्वष्टा कासार म्हणवतात. कोकणातून येऊन ते पुण्यात स्थिरावले आणि पेशवाईत शहर वाढले तसा त्यांचा व्यवसायही वाढला. हंडे, कळश्या, घंगाळी, तपेली आणि अंघोळीचे पाणी तापवण्याचे बंब ही त्यांची मुख्य उत्पादने होत. तांब्याच्या पत्र्याची चकती कापून ती ठोकत ठोकत खोल करायची, हे या कामाचे सूत्र सांगायला सोपे आहे. परंतु ठोकल्याने तांबे कडक होत जाते, आणि त्यातच कामाचे सारे मर्म आहे. धातूतील अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात तोवर तांबे नरम असते, आणि घाव बसत गेले की ते थर आपसांत अडकून बसतात व धातू ताठर होतो. तसाच ठोकत राहिल्यास तो तडकतो, म्हणून पत्रा मधूनमधून भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा नरम करून घ्यावा लागतो, आणि तापवल्याने चढलेला काळा थर चिंचेसारख्या आंबट द्रव्याने घासून काढावा लागतो. किती घावांनंतर तापवायचे, हे कोठे लिहिलेले नसते. हातोड्याच्या आवाजात पडणारा फरक आणि हाताला परत येणारा धक्का यांवरून तांबट ते जाणतो.

भांडे आकाराला आल्यावर त्यावर होणारे मठारकाम ही या आळीची खरी ओळख आहे. मठार म्हणजे घासून आरशासारखा गुळगुळीत केलेल्या तोंडाचा हातोडा. भांडे जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी दांडीच्या टोकावर उपडे धरून, एका हाताने ते किंचित किंचित फिरवत, दुसऱ्या हाताने मठाराचे घाव एकाशेजारी एक घातले जातात. भांडे फिरवण्याचे अंतर आणि घावाचा जोर यांपैकी एकही चुकला तर ठशांची ओळ वाकडी होते व ती पुन्हा सरळ करता येत नाही. प्रत्येक घावाने उमटणारा चकचकीत खळगा प्रकाश वेगळ्या कोनात परतवतो, त्यामुळे अशा भांड्यावर हलता उजेड खेळल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते. वास्तविक तिचा पहिला हेतू मजबुती हा असून, शेवटच्या या घावांनी तांब्याला आलेला कडकपणा मुद्दाम तसाच ठेवलेला असतो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडाही पाण्याच्या भाराने वेडावाकडा होत नाही. यंत्राने दाबून काढलेल्या भांड्यावरचे ठसे एकाच साच्याचे, एकाच खोलीचे असतात. हाताच्या मठारकामात ओळ शिस्तीत चालते, तरी एक ठसा दुसऱ्याची हुबेहूब प्रत नसतो. जत्रेत भांडे हातात घेतल्यावर ते उजेडात फिरवून एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त झाली, ॲल्युमिनियमने स्वयंपाकघर व्यापले आणि बंबाची जागा गॅसच्या व विजेच्या गिझरने घेतली, तेव्हा या आळीतील आवाज उतरत गेला. तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतात म्हणून त्यांना आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो, त्यालाच कल्हई म्हणतात. नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवणारा कल्हईवाला रस्त्यावरून दिसेनासा झाला, तशी घरात उरलेली भांडीही वापरातून गेली. म्हणजे एक कारागीर मागे हटला की त्याच्या आधाराने उभा असलेला दुसराही हटतो. अलीकडे वारसा जतनाचे काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने तांबटांबरोबर काम करून हंड्या-बंबांऐवजी आजच्या घरात चालतील असे दिवे, वाडगे, ताटल्या असे आकार पुढे आणले, आणि त्यामुळे मठारकामाला नवा ग्राहक लाभला. हा मार्ग योग्य आहे, कारण त्यात कसब टिकवून वस्तू बदलली आहे.

दुसरी कारागिरी घोंगडीची. तिचा प्रारंभ मागापासून बराच दूर, मेंढपाळांच्या वाड्यात होतो. पावसाळ्यानंतर माण, फलटण, जत, सांगोला या कमी पावसाच्या भागांतून धनगरांचे कळप चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, आणि मुक्कामाच्या शेतात मेंढरे बसवून त्या जमिनीला खत देतात. त्यांच्या दख्खनी जातीच्या मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी असते. मऊ शालींसाठी ती निरुपयोगी म्हणून वस्त्रोद्योगाने तिला नेहमीच हलके लेखले; पण ऊन, वारा आणि रिमझिम पावसात उघड्यावर रात्र काढणाऱ्या माणसाला जे अंथरूण-पांघरूण हवे, त्यासाठी हाच राठपणा उपयोगी पडतो. लोकरीचा तंतू आतल्या बाजूने ओल शोषून घेतो, तर त्याचा पृष्ठभाग पाण्याचे थेंब काही काळ बाहेरच थोपवून धरतो. त्यामुळे घोंगडी भिजली तरी आतली ऊब एकदम जात नाही.

कातरलेली लोकर धुऊन, पिंजून, चरख्यावर कातण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे, आणि विणण्याचे काम सनगर समाजातील विणकरांचे. कातलेल्या सुताला केस सुटलेले असल्याने ते तसेच मागावर चढवले तर एकमेकांत गुंतते; म्हणून उभ्या धाग्यांचा ताणा लांबवर ताणून त्याला चिंचोक्याची खळ दिली जाते. चिंचोके भाजून, साल काढून, भरडून व शिजवून केलेली ही लापशी जाड कुंच्याने ताण्यावर एका दिशेने फिरवतात, तेव्हा सुताचे सुटे केस चिकटून बसतात आणि धाग्याला ताठपणा येतो. मग खड्ड्याच्या मागावर, म्हणजे विणकराचे पाय जमिनीतल्या खड्ड्यात सोडून चालवायच्या मागावर, घोंगडी विणली जाते. नवी घोंगडी अंगाला बोचते आणि तिला चिंचोक्याचा वास येतो, ही तिच्यातील उणीव समजून पुष्कळ ग्राहक ती खाली ठेवतात. वास्तविक त्या दोन्ही खुणा ती खऱ्या लोकरीची व हातमागाची असल्याच्या आहेत, आणि वापराने दोन्ही कमी होतात. खंडोबा, बिरोबा यांच्या उपासनेत घोंगडीला असलेला मान आजही कायम आहे, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत घोंगडी विकत घेणारे आजही दिसतात. परंतु दैनंदिन वापरातून ती कारखान्यातल्या कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटने हुसकली आहे.

येथे जत्रेच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. घोंगडीला उद्या भरपूर ग्राहक मिळाले, तरी तिच्यासाठी लागणारी लोकर मिळेलच असे नाही, कारण मांसाला चांगला भाव येत असल्याने अधिक वजनाच्या, अंगावर लोकर जवळजवळ नसलेल्या जातींशी दख्खनी मेंढीचा संकर मोठ्या प्रमाणावर झाला आहे. दुसरीकडे जी लोकर कातरली जाते तिला इतका कमी भाव येतो, की कातरणीची मजुरीही धनगराच्या अंगावर पडते. एकाच जिल्ह्यात लोकर वाया जावी आणि विणकराला चांगले सूत मिळू नये, अशी ही तुटलेली साखळी आहे. चार-पाच दिवसांच्या विक्रीने ती सांधली जात नाही. तिच्यासाठी पिंजण्याची व कातण्याची सोय, मधल्या काळात लागणारे भांडवल आणि वर्षभराची मागणी लागते. जत्रेच्या आयोजकांनी दालनांचे भाडे, जागा आणि सजावट यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढेच कच्च्या मालाला द्यावयास हवे.

पैठणीचा उल्लेख केल्यावाचून महाराष्ट्रातील कोणतेही कलाप्रदर्शन पुरे होत नाही, आणि फसवणूकही तिच्याच बाबतीत सर्वाधिक होते. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, आसावली ही नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या लहान लहान कांड्यांनी, आडवे धागे जागच्या जागी एकमेकांत अडकवत विणली जाते. त्यामुळे पदर उलटून पाहिला तर मागेही तीच नक्षी तशीच दिसते. यंत्रमागावरच्या साडीत मात्र एका आकृतीपासून दुसरीपर्यंत सुटे धागे मागून लोंबत नेलेले किंवा कापलेले आढळतात. येवला आणि पैठणच्या विणकरांचे महिनोन् महिन्यांचे श्रम ओळखायला पदराची मागची बाजू पुरेशी आहे.

नावाच्या प्रश्नाला सर्वांत वेगळे वळण मिळाले ते वारली चित्रकलेत. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहिणे हे वारली समाजातील सुवासिनींचे काम होते आणि त्या चित्राखाली कोणाचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांना बाहेरच्या जगापुढे आणण्यासाठी कागद पुरवले, आणि त्यातून जिव्या सोमा मशे हे नाव देशोदेशी गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधीपुरत्या चित्राला त्यांनी शेती, मासेमारी, जाळे, झाडे, धावती माणसे यांचे मोकळे विश्व दिले, यात त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तथापि ज्या स्त्रियांनी शतकानुशतके तो चौक लिहिला त्या निनावीच राहिल्या, याचीही नोंद घेणे न्यायाचे ठरेल. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रांच्या पोथ्या एकेक पान दाखवत वाद्याच्या साथीने कथा सांगण्याची कला, परशुराम गंगावणे यांच्या २०२१ च्या पद्मश्रीने अशीच नावानिशी ओळखली गेली.

लोणी काळभोर येथेच राजबागेत, राज कपूर यांच्या एकेकाळच्या शेतावर, आज एमआयटीचे कला, डिझाइन आणि तंत्रज्ञान विद्यापीठ उभे आहे, आणि डिझाइन शिकणाऱ्या अशा संस्थांतील तरुणांचा कारागिरांशी येणारा संबंध पुढील काळात वाढतच जाणार आहे. या संबंधात कामाची विभागणी बहुधा अशी होते, की आकार सुचवणारा तो कलावंत आणि घडवणारा तो मजूर, आणि वस्तूवरील चिठ्ठीवर पहिल्याचेच नाव छापले जाते. ही वाटणी मुळातच सदोष आहे. मठाराचा घाव किती खोल पडावा किंवा खळ किती घट्ट असावी हे ठरवणारी बुद्धी कागदावर रेघ ओढणाऱ्या बुद्धीहून कमी प्रतीची नाही, आणि विद्यार्थ्याला हे वर्गात सांगून पटत नाही. तांबटाशेजारी बसून एक वाटी बिघडवावी लागते.

भौगोलिक निर्देशांकाने या प्रश्नाचा एक भाग सोडवला आहे. १९९९ च्या कायद्यानुसार दिले जाणारे हे मानांकन विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला संरक्षण देते, आणि ते पैठणी, सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, वारली चित्रे यांना मिळाले आहे. पण हे संरक्षण प्रदेशाच्या नावाला असते, माणसाच्या नावाला नसते; आणि कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत दोहोंमधील अंतर ठळकपणे दिसून आले. हिरडा आणि बाभळीची साल यांनी दीर्घकाळ कमावलेल्या कातड्याचे तळ, बाजूचे कान, अंगठा आणि कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी अशी ही चप्पल खिळ्यांऐवजी कातड्याच्याच वादीने शिवली जाते. कातडे कमावणे ढोर समाजाचे, चप्पल बांधणे चर्मकारांचे, आणि वेणी घालण्यासारखी नाजूक कामे पुष्कळदा घरातील स्त्रियांची. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांना मिळून तिचे मानांकन आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अगदी तशाच चपला, मूळचा कोणताही उल्लेख न करता, सादर केल्या. महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले.

त्यानंतर काही आठवड्यांतच महाराष्ट्राच्या चर्मोद्योग विकास महामंडळाने, म्हणजे लिडकॉमने, अस्सल कोल्हापुरी चपलांवर क्यूआर कोड लावण्याची योजना जाहीर केली. मोबाइलने तो कोड वाचला की चप्पल कोणत्या कारागिराने अथवा बचत गटाने केली, कोठे केली, कोणत्या पद्धतीने व कोणत्या कच्च्या मालातून केली, हे ग्राहकाला दिसावे असा तिचा हेतू आहे. चपलेवर घराण्यातल्या कर्त्या पुरुषाबरोबर वेणी घालणारीचे आणि कातडे कमावणाऱ्याचेही नाव यावे, एवढी भर त्या नोंदीत अजून पडायला हवी.